बोंडअळीचा फिटनेस: डब्यात मोजायचा की वावरात?

कापूसकोंडा (जळगाव)

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पाला गुलाबी बोंडअळी घेतलीय. बीटी कपाशीला (जिच्या झाडातच अळीमारक विष तयार होतं) न जुमानणाऱ्या अळ्या आणि बीटी खाऊन मरणाऱ्या अळ्या, दोघींचा फिटनेस काढून तुलना करायची. ऐकायला सोपं वाटलं म्हणून हो म्हटलं. आता अडकलेय.

पुस्तकात एका पानावर लिहिलंय की एका जनुकप्रकाराच्या जिवामागे पुढच्या पिढीत सरासरी किती संतती येते तो आकडा म्हणजे फिटनेस. पुढच्या पानावर म्हणतात, जो सगळ्यांत सरस त्याचा १ धरा आणि बाकीच्यांचा त्याच्या प्रमाणात लिहा. मग संततीचा आकडा गेला कुठे? शोधनिबंध चाळले तर कुणी अळ्या किती जगल्या ते मोजतं, कुणी कोषाचं वजन, कुणी अंडी, कुणी अळीचा पतंग व्हायला लागलेले दिवस. सगळे त्याला फिटनेसच म्हणतात.

शिवाय तालुक्यातल्या कामगंध सापळ्यांच्या नोंदी हाताशी आहेत. सापळ्यात पतंग वर्षागणिक वाढत गेलेत, म्हणजे प्रतिकारक अळीचा फिटनेस वाढला, असं लिहिलं तर चालेल का?

वावरातला (चोपडा)

भो, आमना वावरमा ती कवयनीच पास व्हयी जायेल शे. आता मार्क कसाले मोजतस? 😀

ताई, गंमत केली. धागा वाचतोय.

तापीकाठ (अमळनेर)

आधी सापळ्याचं, कारण घसरगुंडी तिथे आहे. सापळ्यातलं गॉसिप्लुअर, म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल, फक्त नरांना ओढतं. नर वाढले म्हणजे लोकसंख्या वाढली, एवढंच फार तर म्हणता येईल. ती वाढ पाऊस चांगला झाला म्हणून असेल, शेजारच्याने पऱ्हाटी उभी ठेवली म्हणून असेल, मित्रकीटक फवारणीने मेले म्हणूनही असेल. प्रतिकारक आणि संवेदनशील दोघींची संख्या दुपटीने वाढली तर सापळे भरतील, पण दोघींचं प्रमाण जागचं हलणार नाही. लोकसंख्येच्या आनुवंशिकीला रस असतो तो या प्रमाणात.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. जिवामागे किती संतती आली हा झाला निरपेक्ष फिटनेस. लोकसंख्या वाढेल की घटेल ते तो सांगतो. एकाच परिस्थितीत दोन जनुकप्रकारांच्या या आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे सापेक्ष फिटनेस. कोणतं जनुक पसरेल ते याच्यावर ठरतं. सरसाला १ धरणं ही निव्वळ हिशोबाची सोय आहे. १ मधून सापेक्ष फिटनेस वजा केला की निवड गुणांक, म्हणजे तोट्याचं माप, मिळतो.

आता घटक. अंड्यातून निघालेली अळी पतंग होईपर्यंत जगते का, जगली तर जोडीदार मिळतो का, मिळाला तर उगवणारी अंडी किती. यांचा गुणाकार करायचा, बेरीज नाही. समजा साध्या, म्हणजे बिगर बीटी बोंडावर संवेदनशील अळ्यांतल्या १०० पैकी ८० पतंग झाल्या आणि मादीमागे १५० अंडी उगवली. प्रतिकारक १०० पैकी ६०, अंडी १४०. एकीकडे ०.८ गुणिले १५० म्हणजे १२०, दुसरीकडे ०.६ गुणिले १४० म्हणजे ८४. ८४ भागिले १२०, म्हणजे ०.७. साध्या कपाशीवर प्रतिकारक अळीचा सापेक्ष फिटनेस ०.७ आणि निवड गुणांक ०.३. बीटीचं विष पचवायची किंमत ती इथे मोजते. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, अहवालात टाकू नकोस!)

तीच अळी बीटी बोंडावर ठेव. संवेदनशीलचा फिटनेस शून्य, प्रतिकारकचा १. म्हणजे अळीचा फिटनेस किती हा प्रश्न अर्धाच आहे. कशावर, कुठे, कोणत्या महिन्यात, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कोषाचं वजन हा फिटनेस नव्हे. जड मादी जास्त अंडी घालते असं तुझ्याच अळ्यांत दाखवलंस तर त्याचा आधार घेता येईल. नाहीतर ते फक्त वजन.

कापूसकोंडा

सर, खूप आभार. गुणाकाराचं कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते बोंडांवरच करायला हवं का? आमच्याकडे कृत्रिम खाद्याच्या डब्या तयार आहेत.

तापीकाठ

डबीतल्या खाद्यावर अळी सुखात वाढते. तिथे किंमत दिसेलच असं नाही. कपाशीत स्वतःचंही विष असतं, गॉसिपॉल. सरकी ढेप जनावराला बेतानं घालतात ती त्याच्यामुळेच. अ‍ॅरिझोनात या अळीवर झालेल्या कामात असं दिसलं की गॉसिपॉल जास्त असेल तिथे प्रतिकारक अळीची किंमत वाढते. डबीत गॉसिपॉल नाही, मग किंमत कमी दिसेल आणि तू लिहून मोकळी होशील की प्रतिकाराला काही मोल पडत नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. तुझ्या संवेदनशील अळ्या कुठून आणणार? वावरातल्या बीटी बोंडात आज ज्या सापडतात त्या बहुतेक बीटी पचवून जगलेल्या. संवेदनशील वाण मिळेल तो एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षं डबीत पाळलेला. म्हणजे एक डबीची सवय झालेली, दुसरी रानातली. फरक दिसला तर तो प्रतिकाराच्या जनुकाचा की इतर शेकडो जनुकांचा? त्यासाठी दोघींचा संकर करून पुढच्या पिढ्यांत एकाच घरातल्या भावंडांची तुलना करतात. भावंडांत बाकीची जनुकं सारखीच विखुरलेली असतात. कोणाकडे प्रतिकाराचं जनुक आहे ते पीसीआरने, म्हणजे डीएनए तपासून, बघायचं.

वावरातला

आता माझं ऐका. बीटी आलं २००२ ला, त्यात एक विष. २००६ ला दोन विषांचं आलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बारकी पिशवी यायची, साधी सरकी. सांगायचे, बांधाच्या कडेने पाच ओळी लावा. किती जणांनी लावली? आमच्या शिवारात तरी हाताच्या बोटावर. ठिबक केलेल्या वावरात अळीसाठी ओळी सोडायच्या हे कुणाच्या डोक्यात बसणार? काही पिशव्यांत तर तूर यायची.

मग २०१७. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी. त्या वर्षी खान्देश काय, विदर्भ काय, सगळीकडे तेच. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी गुजरातेत ओरड सुरू झाली होती, आणि आमचं शिवार तिकडून किती लांब?

माझा प्रश्न सरळ आहे. पाच ओळी लावल्या असत्या तर खरंच फरक पडला असता का, का ही नुसती कागदावरची गोष्ट?

तापीकाठ

तुरीवर गुलाबी बोंडअळी जगत नाही. हिरवी बोंडअळी तुरीच्या शेंगा खाते, तिच्यासाठी तूर उपयोगी. गुलाबीचं जवळपास सगळं आयुष्य कपाशीवर. तिच्यासाठी तुरीच्या ओळी असून नसल्यासारख्या.

आकडेमोड (मूळ धुळे, सध्या पुणे)

@वावरातला, एक्सेलमध्ये चालवून बघितलं. गृहीतकं आधी सांगतो, नंतर भांडू नका. प्रतिकाराचं जनुक अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती प्रतिकारक असल्या तरच अळी बीटीवर जगते. एक प्रत असलेली बीटीवर मरते. दोन प्रतीवाली बीटीवर निम्मी जगते, साध्या कपाशीवर तिचा फिटनेस सरांचा ०.७. बाकीच्यांचा साध्यावर १. सुरुवातीला १०० जनुकांत १ प्रतिकारक. म्हणजे दोन प्रतीवाली अळी दहा हजारांत एक.

पहिला हिशोब, २० टक्के साधी कपाशी. सर्वसाधारण अळीचा सरासरी फिटनेस ०.२ (जी साध्यावर पडली ती वाचली). दोन प्रतीवालीचा ०.२ गुणिले ०.७ अधिक ०.८ गुणिले ०.५, म्हणजे ०.५४. आठ पिढ्यांनंतर प्रतिकारक जनुक १ टक्क्यावरून साधारण १.२ टक्के.

दुसरा हिशोब, साधी कपाशी फक्त २ टक्के, म्हणजे बांधावर उगवलेली चुकार झाडं. सर्वसाधारण अळी ०.०२. दोन प्रतीवाली ०.५०४. पंचवीसपट! पिढी दर पिढी असं गेलं: १, १.२, १.६, २.२, ३.४, ६, १३, ३९, ८७ टक्के.

आठव्या पिढीला ८७. बोंडअळीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात, म्हणजे दोन हंगाम. पहिल्या पाच पिढ्या वावरात बघून काही कळलंच नसतं. सगळं शेवटच्या तीन पिढ्यांत.

खऱ्या वावरात सुरुवात १ टक्क्याच्या खूप खालून होते आणि विषं दोन होती, त्यामुळे वर्षं जास्त लागली. पण ओळीचा आकार असाच.

वावरातला

बाप रे. १.२ आणि ८७.

कापूसकोंडा

@आकडेमोड, एक समजलं नाही. २० टक्के साधी कपाशी ठेवली तरी दोन प्रतीवालीचा फिटनेस ०.५४ आणि बाकीच्यांचा ०.२. म्हणजे तीच सरस. तरी जनुक जागचं का हलत नाही?

आकडेमोड

कारण तो फिटनेस मिळणारी अळी दहा हजारांत एक आहे. जनुकाच्या बहुतेक प्रती एक प्रतीवाल्या अळ्यांत बसलेल्या, आणि त्यांना काहीच फायदा नाही. एका पिढीत जनुक किती वाढणार हे ठरवताना त्या जनुकाला सरासरी किती फिटनेस मिळतो ते बघावं लागतं. सरस जनुकप्रकाराचा एकट्याचा आकडा पुरत नाही. साध्या ओळींतून निघालेले भरपूर संवेदनशील पतंग त्या दुर्मीळ प्रतिकारक पतंगाशी जोडी करतात, पिल्लं एक प्रतीवाली होतात, आणि ती बीटीवर मरतात. साध्या ओळींचं काम ते जोडीदार पुरवण्याचं.

तापीकाठ

आकडेमोड यांच्या हिशोबात एक गृहीतक गपचूप बसलंय: दोन्हीकडचे पतंग एकाच वेळी बाहेर पडतात. १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या संशोधकांनी याच अळीवर दाखवलं की बीटीवर वाढलेली प्रतिकारक अळी साध्यावरच्या संवेदनशील अळीपेक्षा सरासरी पाच दिवसांहून जास्त उशिरा पतंग होते. पतंगाचं आयुष्यच थोडकं. मग उशिरा निघालेल्याला उशिरा निघालेलाच जोडीदार भेटायचा.

आणि उशीर स्वतःच एक किंमत आहे. वाढत्या लोकसंख्येत जी आधी पिल्लं घालते तिची नातवंडंही आधी येतात. अंडी सारखीच, पण एकीची पिढी तीस दिवसांची आणि दुसरीची पस्तीस, तर हंगामाअखेर दोघी बरोबरीत राहत नाहीत. नुसत्या गुणाकारात हे येत नाही, कापूसकोंडा. दिवसांची नोंद ठेवच.

शिवाय आपल्याकडचं बियाणं. इथे बीटी म्हणजे जवळपास सगळा संकरित वाण. झाडात बीटी जनुकाची एकच प्रत, त्यामुळे बोंडातल्या सरक्यांत ते वाटलं जातं. एका विषाच्या बाबतीत चारांतल्या एका सरकीत विष नसतं. दोन्ही नसलेली सोळांत एक. अळी एका सरकीतून दुसरीत जाते, थोडं विष खाते, थोडं नाही. अशा वेळी एक प्रतीवाली अळी बीटीवर नक्की मरतेच असं गृहीत धरणं जरा धाडसाचं. आणि एक प्रतीवाली जगायला लागली की वरची सगळी गणितं घाईत धावतात.

सातपुड्याची_वाट (नंदुरबार)

मी कीटकांची नाही, सिकलसेल तपासणीच्या कामात आहे. अक्कलकुवा, धडगाव भागात फिरते. एक प्रशिक्षण झालं तेव्हा फळ्यावर असंच लिहिलं होतं: एए (सिकलचं जनुक नसलेले), एएस (एक प्रत असलेले वाहक), एसएस (दोन्ही प्रती असलेले, आजारी), आणि प्रत्येकाखाली फिटनेस. एसएसखाली शून्य. त्याच दिवशी सकाळी एका एसएस मुलीच्या घरी जाऊन आले होते, हसरी पोरगी, दहावीला बसणारी. तो शून्य फार खटकला. इथे विचारते, माणसांत हे मोजतात तरी कसं? अळ्यांसारखं पाळून तर बघता येत नाही.

तापीकाठ

खटकणं रास्त आहे. तो आकडा त्या मुलीचा नाहीच. ज्या काळी औषध नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती, त्या काळी एसएस जन्मलेल्यांनी सरासरी किती संतती मागे ठेवली त्याचा तो अंदाज आहे. आज हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध आहे, तर आकडाही तो नाही. आपल्याकडच्या सिकलच्या जनुकाबरोबर अनेकांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही टिकून राहतं, त्यामुळे आफ्रिकेतल्यापेक्षा त्रास पुष्कळदा सौम्य. म्हणजे औषधाआधीही तिथला शून्य इथे जसाच्या तसा चिकटवता आला नसता. प्रशिक्षण देणाऱ्याने हे बोलायला हवं होतं.

मोजतात कसं, ते सांगतो. थॅलेसेमियासारखे रक्तदोष मलेरियाच्या प्रदेशात का टिकले असावेत याचा अंदाज ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. सिकलचं काम पूर्व आफ्रिकेत अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं. एएस मुलांना जीवघेणा मलेरिया कमी होतो. एक पद्धत अशी की तान्ह्या मुलांत एए, एएस, एसएसचं प्रमाण बघायचं, मग त्याच वस्तीतल्या मोठ्यांत बघायचं. मधल्या वर्षांत कोण गळालं ते प्रमाणातून कळतं. यातून फक्त जगण्याचा भाग मिळतो, अपत्यसंख्येचा नाही.

दुसरी पद्धत उलट्या दिशेने. समजा एखाद्या वस्तीत सिकल जनुक १० टक्क्यांवर शतकानुशतकं स्थिर आहे. एएसचा फिटनेस १ धर. एसएसचं नुकसान पूर्ण, म्हणजे १. मग एएचं नुकसान किती असलं तर तराजू १० टक्क्यांवर थांबेल? उत्तर येतं ०.११. म्हणजे मलेरियाच्या काळात एए माणसाची संतती एएसच्या मानाने ११ टक्के कमी. अशा वस्तीत एएस १८ टक्के आणि एसएस १ टक्का. त्या एका टक्क्याचं मोल १८ जणांच्या बचावातून भरून निघत होतं.

जाता जाता: हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. अळीच्या धाग्यातही त्यांचं काम आहे. १९२४ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या पतंगांचा हिशोब केला. १८४८ च्या सुमाराला दुर्मीळ असलेला काळा पतंग शतकाअखेर जवळपास सगळीकडे. एकही पतंग न पकडता नुसत्या या वेगावरून त्यांनी काढलं की काळ्याची संतती पांढऱ्याच्या दीडपट असली पाहिजे. तोवर इतक्या जोरदार निवडीची कुणी कल्पना केली नव्हती.

सातपुड्याची_वाट

धन्यवाद सर. मग मलेरिया कमी झाला तर सिकल आपोआप जाईल का? गावात लोक विचारतात. २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून जास्तच.

आकडेमोड

आपोआप, पण कुणाच्या हयातीत नाही. मलेरिया शून्य आणि एसएसचं नुकसान पूर्ण धरलं तरी जनुक १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर यायला १० पिढ्या. पिढी २५ वर्षांची धरली तर २५० वर्षं. आणि उपचार जितके चांगले तितका वेग आणखी कमी. गावात सांगायचं तर एवढंच सांगा: तपासणी आजच्या पोरांसाठी आहे.

एक सावधानता मात्र. तपासणीचे आकडे घेऊन कुणी लगेच फिटनेस काढायला बसेल. धडगावच्या आणि शहाद्याच्या वस्त्या एकत्र करून टक्केवारी काढली, आणि लग्नं आपापल्या समाजातच होत असली, तर एएस अपेक्षेपेक्षा कमी दिसतील. कुणी म्हणेल, वाहक मरतात वाटतं! कुणी मरत नाही. वेगवेगळ्या प्रमाणाचे दोन गट एका पिशवीत घातले की तसं दिसतंच. गट वेगळे ठेवूनच हिशोब करा.

केळीबाग (रावेर)

आम्हाला ही डोकेदुखी नाही बुवा. ऊतिसंवर्धनाची रोपं, सगळी एकाच खोडाची. सगळ्यांचा फिटनेस १.

तापीकाठ

आणि म्हणून तिच्यातला एखादा रोगाला तोंड देईल ही आशाही नाही. फरकच नाही तर निवड कशातून होणार?

केळीबाग

घ्या. जेवण गोड लागणार नाही आता.

कापूसकोंडा

सर, एक कल्पना सुचली. अमेरिकेत लेन्स्की यांचा जिवाणूंचा प्रयोग आहे ना, १९८८ पासून चाललेला, बारा वंश. तिथे ते प्रत्येकाची वेगवेगळी संतती मोजत बसत नाहीत. जुना पूर्वज आणि नवा वंशज एकाच चंबूत सोडतात, एकाच्या वसाहती तबकडीवर लाल, दुसऱ्याच्या पांढऱ्या. दिवसाअखेर कोण किती पटीने वाढला ते मोजतात. वाढीच्या दरांचं गुणोत्तर म्हणजे सापेक्ष फिटनेस. तसंच मी जाळीच्या पिंजऱ्यात दोन्ही प्रकारचे पतंग निम्मे निम्मे सोडले, साधी बोंडं दिली, आणि प्रत्येक पिढीत पीसीआरने प्रमाण काढलं तर? जगणं, जोडी, अंडी, उशीर, सगळं एकदम मोजलं जाईल.

तापीकाठ

उत्तम. घटकांचा गुणाकार आणि पिंजऱ्याचा निकाल जुळला तर प्रश्नच मिटला. नाही जुळला तर आणखी उत्तम, काहीतरी मोजायचं राहिलंय ते कळेल. पुष्कळदा जोडीदार मिळवण्यातला फरक असतो, तो वेगळ्या डब्यांत दिसतच नाही.

आकडेमोड

पिंजऱ्यात किती पतंग सोडणार?

कापूसकोंडा

वीस जोड्या?

आकडेमोड

वीस जोड्या म्हणजे जनुकाच्या ८० प्रती. प्रमाण निम्मं असताना नुसत्या योगायोगाने एका पिढीत ते ५-६ टक्क्यांनी इकडे तिकडे होऊ शकतं, कुणाला कसलाही फायदा-तोटा नसताना. तुझी किंमत त्याच मापाची निघाली तर निवड कोणती आणि योगायोग कोणता हे एका पिंजऱ्यातून सांगता येणार नाही. एकच मोठा पिंजरा करण्यापेक्षा सारखे अनेक पिंजरे कर. सगळे एकाच दिशेला सरकले तर ती निवड. चार इकडे, चार तिकडे गेले तर योगायोग. आणि एका पिढीवर थांबू नकोस.

वावरातला

तुमचा पिंजरा ठीक. पण माझ्या वावरात अळीचं वर्ष पिंजऱ्यासारखं नसतं. आमच्याकडे ठिबकवाले मेमध्येच कपाशी टोचायचे. मध्ये काही वर्षं १ जूनआधी बियाणं विकायला बंदी होती ती त्याच्यासाठीच म्हणायचे. आणि दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरात पीक काढून टाकायचं, तर भाव बरा म्हणून पाणी देऊन मार्चपर्यंत ओढतात. अळीला बारा महिने जेवण. यात तुमचा फिटनेस कुठे बसतो?

तापीकाठ

फार मोलाचा प्रश्न विचारलात. हंगाम संपला की शेवटच्या पिढीची अळी सरकीत, बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात झोपून राहते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होते. अ‍ॅरिझोनातल्या कामात साध्या कपाशीवरच्या जगण्यातला तोटा दिसला तसा प्रतिकारक अळ्यांचा तोटा या झोपेतही दिसला. झोपून उठणाऱ्यांत त्या कमी निघाल्या. म्हणजे वर्षभराच्या फिटनेसमध्ये तो एक टप्पा किंमत वसूल करणारा आहे.

आता फरदड ठेवली आणि मेमध्ये नवी लावली, तर अळीला झोपायचं कारणच उरत नाही. तो टप्पा वर्षातून गाळला गेला. प्रतिकारक अळीला जिथे मार बसायचा तिथूनच तिला सूट. कापूसकोंडाने पिंजऱ्यात कितीही नेमका ०.७ काढला तरी फरदडवाल्या शिवारातला वर्षाचा आकडा त्याहून वर असणार, आणि डिसेंबरात पऱ्हाटी काढणाऱ्या शिवारातला खाली. एकच अळी, एकच जनुक.

माझं मत स्पष्ट आहे. बियाण्यात तिसरं विष घालण्यापेक्षा फरदड मोडणं हा खान्देशात जास्त भरवशाचा उपाय. मतभेद चालतील.

वावरातला

मतभेद नाही सर, पण भाव सात-आठ हजारांवर गेला की फरदड कोण मोडणार? एकट्याने मोडून उपयोग नाही, पतंग बांध ओळखत नाही.

आकडेमोड

हेही हिशोबात दिसतं. फिटनेसची सरासरी सबंध शिवाराची असते, एकाच्या सातबाऱ्याची नाही.

नुसताच_वाचक

मध्येच विचारतो. एकदा प्रतिकार आला की परत फिरतो का? की गेलं ते गेलं?

तापीकाठ

किंमत असेल तर फिरतो. चीनमध्ये यांग्त्सी खोऱ्यात घडलंय. तिथे शेतकऱ्यांनी संकरित वाणाची दुसऱ्या पिढीची सरकी लावायला सुरुवात केली. दुसऱ्या पिढीत चारांतलं एक झाड बीटी नसलेलं निघतं, म्हणजे न सांगता २५ टक्के साधी कपाशी, तीही शिवारभर मिसळलेली. प्रतिकारक अळ्यांचं प्रमाण वाढत होतं ते त्यानंतर घटलं. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी आपल्याकडे बोंडं सडत होती. अ‍ॅरिझोनात साध्या ओळींनी बरीच वर्षं प्रतिकार दाबून धरला, २००६ पासून वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने कपाशीच्या पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. ते वांझ पतंग लाल रंग घातलेल्या खाद्यावर वाढवायचे, सापळ्यात पडला की चिरडून रंग बघायचा: आपला की रानातला. कापूसकोंडा, खूण करायची तर हीही युक्ती आहे.

पण आपल्याकडे दोन्ही विषांना प्रतिकार जवळपास स्थिरावलाय. परत फिरायला संवेदनशील अळी शिल्लक तर हवी. आता साधी सरकी पाकिटातच मिसळून येते, त्याचा परिणाम कुणीतरी शिवारात जाऊन मोजला पाहिजे.

कापूसकोंडा

तेच करू का? प्रकल्पाचा आराखडा बदलते. पिंजरे साध्या बोंडांवर, भावंडांची तुलना, दिवसांची नोंद. आणि सापळ्यातले चिकटलेले नर फेकायचे नाहीत, त्यांच्यातून डीएनए काढून हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी जनुकाचं प्रमाण बघायचं. हाल्डेनसारखं, वेगावरून. शक्य झालं तर एक फरदडीचं शिवार आणि एक मोडलेलं.

@वावरातला काका, तुमच्याकडे अळ्या गोळा करायला आले तर चालेल?

वावरातला

या की. पोळ्याच्या आसपास डोमकळ्या दिसायला लागतात, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. आत हमखास अळी. माझं मोडलेलं शिवार आहे, फरदडीचं दाखवतो, दोन बांध पलीकडे.

येताना कागदी पिशव्या आणा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि निम्म्या अळ्या वाटेतच मरतात.

आकडेमोड

आणि वाटेत मेलेल्याही मोज, कोणत्या शिवारातल्या किती. एका प्रकारच्या जास्त मेल्या तर तुझा सगळा फिटनेस पिशवीतच ठरून बसेल.